अनेक डिस्क, एकच भांडार

सिल्वासानजीकचे अथाल, समुद्रकाठचे दमण आणि खंबातच्या आखातापलीकडील दीव ही ठिकाणे २६ जानेवारी २०२० पासून एकाच केंद्रशासित प्रदेशात मोडतात. जमीन जागची हलली नाही. कारभार तेवढा एक झाला. युनिक्स प्रणालीच्या मोठ्या संगणकात अनेक डिस्क मिळून एकच भांडार करतात, तेही असेच. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या तीन डिस्क जोडल्या की कर्मचाऱ्यास १२ टेराबाइटची सलग जागा दिसते. कोणती नोंद कोणत्या डिस्कवर गेली, याचा हिशेब व्हॉल्यूम मॅनेजर ही आज्ञावली ठेवते.

सोय मोठी, तसा धोकाही मोठा. नुसत्याच जोडलेल्या तिन्हींपैकी एक डिस्क निकामी झाली, तर बहुधा सारेच भांडार वाचता येईनासे होते. जमिनीचे फेरफार अथवा जन्मनोंदी त्यात असल्यास गावकऱ्याने दाद कोठे मागावी?

यावरील उपायांची पद्धतशीर मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ या नावाने केली. तिच्या एका प्रकारात ७ आणि ५ या संख्यांबरोबर त्यांची बेरीज १२ हीही तिसऱ्या डिस्कवर लिहिली जाते, असे ढोबळमानाने समजावे. ५ हरवले, तर १२ मधून ७ वजा करून ते परत मिळतात. वापरास मात्र ८ टेराबाइटच उरतात. ही किंमत रास्तच म्हणावी लागेल.

चुकून पुसलेली नोंद या बेरजेतूनही पुसली जाते. यास्तव दुसरी प्रत निराळ्या इमारतीत ठेवावी व ती उघडते किंवा नाही, हे वेळोवेळी तपासावे.