परदेशी सेवेस जाणाऱ्याची दिनचर्या

भाताची कापणी आटोपल्यावर मार्गशीर्षातील एका सायंकाळी आमच्या नवी मुंबईतील बिऱ्हाडी उरण तालुक्यातील एक परिचित शेतकरी गृहस्थ आले. त्यांची बहुतेक जमीन शहर वसविण्याच्या कामी गेली असून खाडीकाठची दोन-अडीच एकर खाचरे तेवढी उरली आहेत. सातबाऱ्याचे काही काम असावे असे आम्हांस वाटले. कारण सेवानिवृत्तीनंतरही लोक आम्हांकडे येतात ते बहुधा त्याच कामास. परंतु या खेपेस प्रश्न निराळा होता. त्यांची कन्या परिचारिकेचे शिक्षण पुरे करून चार वर्षे नोकरीस आहे. तिने आफ्रिका खंडातील चाड या देशी, सुदानमधील युद्धामुळे आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, एक वर्ष स्वयंसेविका म्हणून जाण्याचे मनात आणले होते. गृहस्थ म्हणाले, "भाऊसाहेब, पैशाचे मी विचारीत नाही. पोर तिथे खाईल काय, निजेल कुठे, आणि आजारी पडली तर उशाशी कोण बसेल, एवढे मला सांगा."

तिन्ही प्रश्न रास्त होते. सेवेच्या थोरवीवर व्याख्याने पुष्कळ होतात. पण सेवेस गेलेल्या माणसाचा रोजचा दिवस कसा जातो हे कोणी सांगत नाही, आणि आईबापांस हवे असते तेच. आम्ही त्यांस जे सांगितले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

महाराष्ट्रास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. जपानने चीनवर स्वारी केली असता चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून 'राजपुताना' नामक आगबोटीने निघाले. चीनमध्ये पोहोचून फार दिवस झाले नव्हते तोच कोटणीसांस पितृनिधनाची वार्ता कळली. परत फिरण्यास कोणी दोष दिला नसता. ते पुढे गेले, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे दाखल झाले.

आता पहिला प्रश्न, खाण्याचा. त्या प्रांती भात दुर्मिळ. मुख्य धान्य राळा. आपल्या दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्यांस राळा अपरिचित नाही. पेजेस आपल्या आज्या तो राखून ठेवीत. थोड्या पावसावर येणारे हे पीक उत्तर चीनच्या कोरड्या मुलखाचा आधार होते. ज्वारीच्या मुलखात जन्मलेल्या डॉक्टरांनी राळ्याचा भात व साधी भाजी हेच नित्याचे अन्न मानले. दुसरा प्रश्न निजण्याचा. येनानच्या भोवती वाऱ्याने आणून साठविलेल्या पिवळ्या मातीचे उंच डोंगर आहेत. ही माती मऊ, तरी कडा उभा राहील इतकी चिवट. तेथील लोक डोंगराच्या कुशीत गुहा कोरून राहतात. त्या हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड असतात. पथकाचा मुक्काम अशाच गुहांत होता. पुढे १९३९ च्या अखेरीस कोटणीस आघाडीकडे गेले, तेव्हा रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरेच. शत्रू जवळ आला की जखमींस उचलून दुसऱ्या गावी न्यावयाचे व तेथे पुन्हा बिछाने मांडावयाचे.

भाषेचीही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुभाषावर भिस्त न ठेवता ते चिनी भाषा शिकले, आणि पुढे त्या भाषेत विद्यार्थ्यांस शस्त्रवैद्यक शिकवू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी तेथील परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टात पुत्र झाला, त्याचे नाव 'यिनह्वा', म्हणजे भारत व चीन मिळून एक नाव. शस्त्रवैद्यकावरील पाठ्यपुस्तकाचे लेखन चालू असता अपस्माराचे झटके येऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. आज हेपै प्रांतातील शिजियाचुआंग येथे त्यांची समाधी आहे.

हे ऐकून गृहस्थ बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "म्हणजे भाऊसाहेब, गेले ते परत आले नाहीत." आम्ही त्यांस फसविले नाही. होय, कोटणीस परत आले नाहीत. पण पाचांपैकी चौघे परत आले. प्रकृती साथ देईना, तेव्हा काहींनी लवकर परतण्यात कमीपणा मानला नाही; डॉ. बसू १९४३ पर्यंत राहिले. उशाशी कोण, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की कोटणीसांच्या उशाशी पत्नी होती व ज्यांच्यात ते चार वर्षे राहिले ते सहकारी होते. जो भाषा शिकतो व पंगतीतले खातो, त्यास आजारात माणसे मिळतात.

हे आम्ही केवळ वाचून म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा नोकरीस लागून आम्हांस थोडीच वर्षे झाली होती. लातूर-उस्मानाबादकडील मदतकार्यात आमची नेमणूक झाली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच माणसे गेली होती. एका गावी मदतीच्या याद्या करण्याचे काम आम्हांकडे होते. आम्ही कोणास न विचारता घरटी दोन ब्लँकेटे लिहिली आणि चोख काम केल्याच्या समाधानात राहिलो. ब्लँकेटे आली. एक म्हातारी ती हातात घेऊन उभी राहिली व म्हणाली, "साहेब, म्हशीला तीन दिवस कडबा नाही, हे तिला खाऊ घालू का?" जिचे घर गेले तिची म्हैस वाचली होती आणि आमच्या यादीत वैरणीचा रकानाच नव्हता. तो रकाना आम्ही त्या रात्री वाढविला. पण तीन दिवस फुकट गेले ते गेलेच. ती चूक आम्हांस अद्याप टोचते.

त्याच गावी परदेशातून आलेले दोन सेवक होते. एकास पाणी निराळे, जेवण निराळे लागे. त्याची व्यवस्था लावण्यात गावातले दोन तरुण अडकून पडत. दुसरी एक परिचारिका होती. तिने पहिल्याच दिवशी "कुठे दुखते?" व "पाणी प्या" एवढे मराठी कागदावर लिहून घेतले, आणि आठवड्याभरात बायका तिला आपल्यातील भाकरी देऊ लागल्या. उपयोगी कोण पडले हे सांगावयास नको.

आता हल्लीची स्थिती. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० साली निघाली. तीत निर्वाहापुरता भत्ता मिळतो. १९७१ साली फ्रान्समध्ये निघालेली सीमांपलीकडे जाणाऱ्या डॉक्टरांची संस्थाही सर्वांस ठाऊक आहे. छावणीतील दिवस पहाटे सुरू होतो. प्रथम पाण्याची मोजदाद. माणशी रोज किमान १५ लिटर हे सर्वमान्य प्रमाण आहे. मग आयांची रांग. परिचारिका बालकाच्या दंडाभोवती मापाची पट्टी गुंडाळते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंड ११५ मिलिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित समजून तत्काळ उपचारास घेतात. दुपारी ऊन, धूळ, पुन्हा रांग, संध्याकाळी नोंदवह्या. दिवेलागणीस आवारात परतण्याचा दंडक बहुतेक ठिकाणी असतो. काम बव्हंशी मोजण्याचे, लिहिण्याचे व थांबण्याचे असते. ज्यास मोठेपणाची हौस आहे त्याचा महिन्याभरात हिरमोड होतो.

म्हणून ज्या घरातील मूल जाऊ इच्छिते, त्या घराने चार गोष्टी पाहाव्या. संस्थेचा करार लेखी असावा, आणि आजारात उपचार व परत आणणे यांची जबाबदारी कोणाची हे त्यात स्पष्ट असावे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस टोचून दाखला जवळ ठेवावा. हिवतापापासून बचावाची औषधे व मच्छरदाणी विसरू नये. तेथील भाषेचे निदान शंभर शब्द निघण्यापूर्वी यावे. आणि परतण्याचा दिवस ठरलेला असावा, पण मध्येच परतावे लागले तर घराचे दार उघडे राहील, हे वडिलांनी स्वमुखे सांगावे. ही चौथी गोष्ट कोणत्याही करारात लिहिलेली नसते, म्हणून ती आधी बोलावी.

सेवा परदेशीच करावी असे आमचे म्हणणे नाही. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात कुष्ठरोग्यांची, आणि तारा येथे यूसुफ मेहेरअली केंद्रात ग्रामस्थांची सेवा वर्षानुवर्षे चालू आहे. त्या गृहस्थांच्या कन्येने निघण्यापूर्वी सुट्टीच्या दिवशी नेऱ्यास जाण्याचा परिपाठ ठेवला, हे आम्हांस विशेष आवडले.

फाल्गुनात ती निघाली. परवा गृहस्थ पुन्हा आले. लावणीस यंदा घरचे दोन हात कमी पडतील याची काळजी त्यांच्या बोलण्यात होती, पण सूर निराळा होता. मुलीने दूरध्वनीवरून कळविले होते की तेथे ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा कालवणाशी खातात. आम्ही त्यांस सांगितले की ज्वारी हे पीक मुळात आफ्रिकेतलेच. प्राचीन काळी ते तिकडून आपणांकडे आले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग पोर परक्याच्या घरी जेवत नाही म्हणायची." एवढे बोलून ते पेरणीच्या भाताचे बियाणे पाहावयास उठले.