अपयशाचा धनी

दि. १० ऑगस्ट १९७९. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगतच्या श्रीहरिकोटा बेटावरून सकाळी आठच्या सुमारास एक अग्निबाण गर्जना करीत आकाशात झेपावला. त्याचे नाव ‘एसएलव्ही-३’. कृत्रिम उपग्रह आकाशात नेण्यासाठी भारताने बांधलेला हा पहिला अग्निबाण होय. त्याच्यामागे अनेक शास्त्रज्ञांचे व तंत्रज्ञांचे कित्येक वर्षांचे श्रम होते. या सर्वांचे नेतृत्व अब्दुल कलाम यांच्याकडे होते.

कलामांचा जन्म रामेश्वरम् येथे १५ ऑक्टोबर १९३१ रोजी झाला. त्यांचे वडील यात्रेकरूंना आपल्या नावेतून धनुष्कोडीस नेत-आणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली. धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे छोटे कलाम गोळा करीत आणि त्यांवर चार पैसे मिळवीत. पुढे मद्रासच्या तंत्रशास्त्र विद्यालयात विमानविद्या शिकण्यासाठी पैसे हवे होते. तेव्हा त्यांच्या बहिणीने आपले सोन्याचे दागिने गहाण ठेवले. वैमानिक होण्याची त्यांना फार इच्छा होती. परंतु जागा होत्या आठ आणि निवडीत त्यांचा क्रमांक लागला नववा! पुढे ते संशोधनाकडे वळले. काही वर्षांनी मुंबईस त्यांची मुलाखत झाली आणि डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांना अंतराळ संशोधनाच्या कार्यात घेतले.

उपग्रह आकाशात सोडणे हे काम मोठे बिकट असते. पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी उपग्रहास दर सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर इतका वेग द्यावा लागतो. म्हणून अग्निबाणाचे एकावर एक टप्पे रचतात. एका टप्प्यातील इंधन जळून संपले की तो गळून पडतो, भार हलका होतो आणि पुढचा टप्पा पेट घेतो. ‘एसएलव्ही-३’चे असे चार टप्पे होते. त्या सकाळी पहिल्या टप्प्याने आपले काम चोख बजावले. परंतु दुसऱ्या टप्प्यातील एक झडप अडकली होती. तिच्यातून नियंत्रणासाठी लागणारे आम्ल गळून गेले. अग्निबाण भरकटला आणि सुमारे पाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला.

बाहेर वार्ताहर वाट पाहत होते. त्यांना कोण तोंड देणार? त्या वेळी अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष डॉ. सतीश धवन स्वतः पुढे झाले. या अपयशाची जबाबदारी आपली आहे, आपल्या सहकाऱ्यांवर आपला पूर्ण विश्वास आहे आणि वर्षभरात ते यशस्वी होतील, असे त्यांनी सांगितले. कलामांना त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही.

चुका शोधण्यात आल्या. दोष दूर झाले. दि. १८ जुलै १९८० रोजी ‘एसएलव्ही-३’ पुन्हा झेपावला आणि त्याने ‘रोहिणी’ हा उपग्रह पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडला. सर्वत्र आनंदीआनंद झाला. या खेपेस मात्र धवन मागे राहिले आणि वार्ताहरांसमोर जाण्यास त्यांनी कलामांना सांगितले. अपयश स्वतःकडे घ्यावे आणि यश सहकाऱ्यांना द्यावे, हा धडा कलाम जन्मभर विसरले नाहीत.

दि. २५ जुलै २००२ रोजी कलाम भारताचे राष्ट्रपती झाले. या उच्च पदावरही त्या धड्याची कसोटी लागली. २००५ साली बिहारची विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने दिला. कलाम तेव्हा परदेशी होते. तेथूनच त्यांनी हुकमावर सही केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम घटनेस धरून नाही, असा निर्णय दिला. सल्ला दुसऱ्यांचा होता, असे म्हणून कलामांना हात झटकता आले असते. परंतु सही त्यांची होती. त्यांनी राजीनाम्याचे पत्र लिहून ठेवले. पंतप्रधानांनी आग्रहाची विनंती केली, तेव्हाच त्यांनी तो विचार सोडला. ही हकिकत त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच नमूद केली आहे.

२००७ साली राष्ट्रपतिपदाची मुदत संपली आणि कलाम पुन्हा अध्यापनाकडे वळले. धवनांची गोष्ट ते तरुणांना वारंवार सांगत. दि. २७ जुलै २०१५ रोजी शिलाँग येथे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत असतानाच ते कोसळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली.

विजयाच्या मिरवणुकीत पुढे चालण्यास सारेच तयार असतात. पराभवाच्या दिवशी जो पुढे येऊन उभा राहतो, तोच खरा नेता होय.