अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ

पक्षाघात झाला किंवा खुब्याचं हाड मोडलं, की घरच्यांचं सगळं लक्ष गोळ्यांच्या वेळांकडे. पाठ कुणी पाहत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे या जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांतही जखमेची सुरुवात होऊ शकते.

लालसर भागावर बोट दाबून सोडा. क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतं आहे. फिका पडलाच नाही, तर कातडी दुखावली आहे. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तो भाग गरम, कडक किंवा दुखरा लागतो का, हे हात लावून पाहावं. तिथे तेल मात्र चोळू नये. मालिश मायेपोटीच होते, पण चोळण्याने आतल्या नाजूक पेशींना आणखी इजा होते.

साधारण दर २ तासांनी कूस बदलावी, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीशी उशी लावून ३० अंश कलतं ठेवावं. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढू नये; दोघांनी चादरीसकट उचलावं. मध्ये भोक असलेली रबरी रिंग बरेच जण हौसेने आणतात, तिच्या कडेने उलट रक्त अडतं. एअर बेड उपयोगी, पण तो आणला तरी कूस बदलावी लागतेच.

कातडी फुटली, पू किंवा ताप आला, तर हळद भरत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.