दिवसभराचा पास

सकाळी साडेदहा. टोकियोतल्या किचिजोजी भागात एका इमारतीच्या जिन्यापाशी मला उभं करून लेक ऑफिसला निघाली. "बाबा, इथं करमन तुमाले. जेवाले खाली दुकान आहे," एवढं सांगून गेलीसुद्धा. नोकरीभर झरी जामणी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणून जनावरं दिसली की माझं मन रमतं, असा तिचा हिशेब. पण मांजर हा माझा पेशंट कधी नव्हताच. आमच्याकडे मांजर आजारी पडत नाही, एक दिवस दिसेनाशी होते.

तिथला मांजर कॅफे, म्हणजे भाडं भरून मांजरींमध्ये बसायची जागा, अकराला उघडतो. तोवर काचेतून आतलं काम बघत राहिलो. दोन मुली. एक मांजरांच्या शौचाच्या पेट्यांतली वाळू चाळत होती. दुसरी एकेका मांजरीला उचलून डोळे, नाक, कान बघायची, काट्यावर ठेवायची आणि वहीत लिहायची. चाळताना पहिलीने काहीतरी पाहिलं, लगेच तेही वहीत गेलं. शेण बघून निम्मा रोग कळतो, हे मला नोकरीत गेल्यावर एका म्हाताऱ्या गायकीने, म्हणजे गावच्या गुराख्याने, शिकवलं होतं. घड्याळ साडेतीन तास मागे नेलं तर आजचा गायकी आता आखरावर गावची ढोरं गोळा करत असणार.

अकरा. बूट कपाटात, हात साबणाने धुवायचे, मग चित्रांचा एक कागद हातात. मांजर उचलू नका, झोपलेली उठवू नका, फ्लॅश मारू नका, गळ्यात रुमाल असलेलीला हात लावू नका. भाडं दर दहा मिनिटांचं. आठवड्याच्या मधल्या वारी मात्र एका रकमेपुढे ते वाढत नाही, म्हणजे दिवसभराचा पासच. मी तोच घेतला. यंत्रातून गार चहा, पेल्याला झाकण, नाहीतर केस पडतात.

एक वाजेपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. मांजरी झोपल्या होत्या, मीही थोडा डुलकलो.

जेवणाच्या सुट्टीत सूटवाला एक माणूस आला, कोपऱ्यात बसला, एकाही मांजरीला हात न लावता वीस मिनिटं डोळे मिटून राहिला आणि पैसे देऊन गेला. मला तो वेडा वाटला. रात्री जावयाने खुलासा केला: इथल्या भाड्याच्या घरांत बहुतेक ठिकाणी जनावर पाळू देत नाहीत. ज्याच्या घरी मांजर येऊ शकत नाही, तो मांजरीच्या घरी जातो. ही कल्पना मुळात जपानची नाही, तैवानची. तैपेईत १९९८ साली असं पहिलं दुकान निघालं, जपानी पर्यटकांना ते आवडलं आणि २००४ मध्ये ओसाकात जपानचा पहिला मांजर कॅफे उघडला. आपल्या मुंबईत वर्सोव्यालाही आहे. तिथल्या मांजरी रस्त्यावरून वाचवलेल्या, आवडली तर रीतसर दत्तक नेता येते. मला तो प्रकार जास्त पटतो. मांजर तिथून कधीतरी सुटून स्वतःच्या घरी तरी जाते.

साडेतीन. झरीत बारा वाजले. डवरणीचे बैल सुटले असतील, बांधावरच्या झाडाखाली रवंथ चालू असेल. बारा वाजता बैल सोडायचा म्हणजे सोडायचा. कितीही घाईचा कास्तकार असो, त्या तासाला तो बैलाशी वाद घालत नाही. इथे भिंतीवर छतापर्यंत फळ्या ठोकल्या आहेत. कंटाळलेली मांजर वर जाऊन बसते, आणि तिथे गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही. जनावराला नाही म्हणायची सोय आहे की नाही, एवढंच मी बघतो. काल आसाकुसात घुबड कॅफेची पाटी पाहिली आणि आत गेलो नाही. दारातूनच दिसलं: घुबडं ओळीने दांड्यावर, पायाला दोरी, दुपारचे दिवे डोळ्यांवर. रात्रीचा पक्षी दिवसपाळीला लावलेला. आमच्याकडे घुबडाला अपशकुनी म्हणतात आणि जादूटोण्यासाठी पकडणारेही निघतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. इथे ते गोड दिसतं म्हणून बांधतात. घुबडाला दोन्हीकडे सारखाच त्रास. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२३ पासून प्राणिसंग्रहालयाबाहेर वन्यप्राणी मांडण्यावर बंदी आणली. जुन्या रॅकून आणि मीरकॅट कॅफेंना २०२७ अखेरची मुदत दिली आहे. मुदत जरा लांबच झाली.

पाच. शाळा सुटली. गणवेशातल्या मुली छोट्या वाटीत खाऊ विकत घेतात, आणि दिवसभर मढ्यासारख्या पडलेल्या मांजरी अचानक सगळ्यांच्या मैत्रिणी होतात. ही लबाडी मात्र जगभर एकच! गर्दी वाढली तशी त्या दोघींची धावपळ वाढली. सांभाळणाऱ्या एका माणसामागे तीसपेक्षा जास्त मांजरी नकोत असा इथे नियम आहे. मला गायकी आठवला: सगळ्या गावाची ढोरं, तो एकटा आणि एक काठी, वरून टिपेश्वर अभयारण्यातला वाघ कुठून निघेल याची धास्ती. नोंदणीतही फरक. आमच्या गाईच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला, तो टोचताना मी लाथा खाल्ल्या आहेत. इथे २०२२ पासून विकायच्या मांजरीच्या कातडीखाली चिप घालावीच लागते, पंधरा आकडी.

साडेसात. जेवणाची वेळ. जमिनीवर वाट्यांची लांब रांग, मांजरी एका ओळीत, आणि समोर सगळी गिऱ्हाइकं मोबाइल रोखून उभी. एका जाड्या बोक्याची वाटी वेगळी, दुसऱ्याचं खातो म्हणून. एक करडी मांजर खाताना थांबून थांबून डावा कान खाजवत होती. दुपारीही तिला तसंच करताना पाहिलं होतं. राहवेना. फोनवर मराठीत बोललो, फोनने जपानीत सांगितलं: डाव्या कानात माइट्स असतील, बघून घ्या. मुलगी हसली नाही, की "हो हो" म्हणूनही सुटली नाही. तिने वही उघडली. सकाळच्या ओळीवर बोट ठेवलं, मग पलीकडच्या रकान्यातली औषधाची वेळ दाखवली: रात्री आठ.

आठनंतर कुत्र्या-मांजरांना गिऱ्हाइकांपुढे ठेवायचं नाही, असा इथे २०१२ पासून नियम आहे. वयात आलेल्या, मोकळ्या फिरणाऱ्या मांजरींना तेवढी दहापर्यंत सूट. हे दुकान आठलाच बंद होतं. दारात केस काढायचा चिकट रोलर ठेवला होता. तो पँटवरून फिरवेपर्यंत तिने करडीला टॉवेलात गुंडाळलं होतं. पकड बरोबर होती: पुढचे पाय आत, डोकं बाहेर.