मूलपेशी-चिकित्सा आणि साध्यासाध्यविवेक

जीर्ण व्याधीने ग्रस्त झालेला रुग्ण आयुर्वेदाकडे वळतो, तेव्हा त्याने बहुधा अनेक दारे ठोठावलेली असतात. पक्षाघात, कंपवात, मधुमेह, दृष्टिमांद्य यांचे रुग्ण आणि स्वमग्न बालकांचे पालक अलीकडे आपल्यासमोर बसून विचारतात, “डॉक्टर, स्टेम सेलचे उपचार करून घ्यावेत का?” ‘हा आमच्या शास्त्राचा विषय नव्हे’ असे म्हणून हा प्रश्न टाळणे आम्हांस उचित वाटत नाही. दागिने मोडून अशा उपचारांचा खर्च उभा करू पाहणारे कुटुंब विश्वासाने आपला सल्ला मागत असते. चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी व्याधीचे साध्यासाध्यत्व पारखावे, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. तोच निकष या नव्या चिकित्सेला लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूलपेशींचे स्वरूप

शरीरातील बहुतेक पेशींचे कार्य ठरलेले असते. मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल मात्र दोन गुणांनी वेगळी ठरते. ती स्वतःसारखी पेशी पुनःपुन्हा निर्माण करू शकते आणि योग्य परिस्थितीत विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशीत रूपांतरितही होते. १९६१ मध्ये टोरांटो येथे टिल व मॅक्युलॉक यांनी किरणोत्साराने रक्तनिर्मिती नष्ट झालेल्या उंदरांच्या शिरेत अस्थिमज्जेतील पेशी सोडल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसू लागल्या आणि अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे पुढे सिद्ध झाले. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी वेगळ्या केल्या. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी केवळ चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या प्रौढ पेशीस पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेले. या कार्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले.

जे सिद्ध झाले आहे

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया यांवर अस्थिमज्जा-रोपण हा आज मान्यताप्राप्त उपचार आहे. भारतात त्याचा आरंभ १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला. गडचिरोली, नंदुरबार या भागांत काम करणाऱ्या वैद्यांना सिकलसेल आजार परिचित आहे. त्यावर रुग्णाच्याच रक्तनिर्मितीच्या मूलपेशी काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून त्या परत देण्याच्या उपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरवण्यात आली, यावरून तो आपल्या आदिवासी रुग्णापासून किती दूर आहे, हे समजावे.

दुसरे क्षेत्र नेत्राचे. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी फुटून बालकाच्या डोळ्यात चुना जाणे, हा आपल्याकडील नित्याचा अपघात. अशा दाहात शुक्ल-कृष्णगत संधीच्या ठिकाणच्या मूलपेशी नष्ट होतात आणि बुबुळावर पांढरट पडदा येतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून या मूलपेशींचे रोपण होत आहे. तेथील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक सुलभ पद्धत प्रसिद्ध केली. निरोगी डोळ्याच्या त्याच संधीतून लहानसा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण बाधित डोळ्यावर गर्भावरणाच्या आधाराने बसवले जातात. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची गरज उरत नाही.

तिसरे क्षेत्र त्वचेचे. जन्मजात दोषाने त्वचा गळून पडणाऱ्या एका सात वर्षांच्या बालकाच्या शरीराची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा जर्मनीत त्याच्याच, जनुकदोष दूर केलेल्या पेशींपासून पुन्हा निर्माण करण्यात आली. हे वृत्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या तिन्ही यशांत एक समान सूत्र आढळते. रक्ताची मूलपेशी रक्तासाठी, नेत्राची नेत्रासाठी आणि त्वचेची त्वचेसाठी वापरली आहे. तिला तिचे स्वाभाविक कार्य तिच्याच अधिष्ठानात करू दिले आहे. मज्जेतील किंवा मेदातील पेशी मणक्यात टोचली की ती मज्जातंतूची पेशी होऊन मेंदू दुरुस्त करील, ही अपेक्षा याहून अगदी वेगळी आहे आणि तिला तसा पुरावा लाभलेला नाही.

जे प्रयोगावस्थेत आहे

२०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे सत्तरीच्या एका स्त्रीच्या डोळ्यात यामानाका-पद्धतीने घडवलेल्या पेशींचा थर बसवण्यात आला. तिची दृष्टी आणखी ढासळली नाही, परंतु सुधारलीही नाही. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळल्याने शास्त्रज्ञांनी ते रोपण स्थगित ठेवले. हा संयम आम्हांस विशेष आदरणीय वाटतो. २०२५ मध्ये क्योटो येथून पार्किन्सन्सच्या सात रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. रोपण केलेल्या पेशी मेंदूत टिकल्या व गंभीर अपाय झाला नाही, एवढे त्यातून दिसले. त्याच वर्षी टाइप १ मधुमेहाच्या एका प्रयोगात पूर्ण मात्रा घेतलेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षअखेरीस इन्सुलिनची गरज उरली नव्हती. मात्र त्यांना व्याधिक्षमत्व दडपणारी औषधे घ्यावी लागतात. हे सर्व आशादायक आहे. तथापि रुग्णसंख्या अल्प आहे, हे विसरता कामा नये.

जे विकले जाते

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध स्त्रियांनी दृष्टिपटलाच्या झिजेसाठी प्रत्येकी ५ हजार डॉलर भरून स्वतःच्या मेदातील पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. तिघींचीही दृष्टी अत्यंत गंभीररीत्या गेली. ही हकिगत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पेशी त्यांच्याच शरीरातील होत्या, म्हणून त्या निरुपद्रवी ठरल्या नाहीत.

आपल्या देशातील मार्गदर्शक तत्त्वांचा इतिहासही बोलका आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये ही तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा शीर्षकात ‘संशोधन व चिकित्सा’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीतून ‘चिकित्सा’ हा शब्द वगळण्यात आला. रक्तविकारांसाठीचे रोपण सोडता अन्य वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच व्हावा, अशी २०१७ च्या आवृत्तीचीही भूमिका आहे. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नसल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

गर्भिणी-परिचर्या करणाऱ्या वैद्यांना नाळेतील रक्त खासगी पेढीत साठवावे का, असेही विचारले जाते. ‘बाळाचा जैविक विमा’ म्हणून याची जाहिरात होते. परंतु बाळाच्या जनुकांतच दोष असेल तर तो त्या रक्तातही असतो. कुटुंबात आधीच रोपणाची गरज असलेले भावंड असल्यास गोष्ट निराळी. एरवी अनुसंधान परिषद खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

आपले स्थान

नव्या शोधाची बातमी आली की ‘हे आमच्या संहितांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी काहींना आवरत नाही. २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये गांधारीच्या शंभर पुत्रांचा संबंध मूलपेशींशी जोडला गेला आणि देशभर टीका झाली. मज्जाधातू म्हणजे मूलपेशींचे भांडार, हे समीकरणही असेच घाईचे आहे. आपल्या धातुपोषणक्रमात मज्जेपासून शुक्राचे पोषण होते. रक्ताची उत्पत्ती रसधातूपासून आहे आणि रक्तवह स्रोतसांचे मूल यकृत व प्लीहा सांगितले आहे. दोन शास्त्रांच्या परिभाषा एकमेकींवर ओढूनताणून बसवल्याने दोहोंचीही हानी होते.

‘स्टेम सेल वाढवणारे रसायन’ अशी विक्री आपल्याही बाजारात चालते, हे दुःखाने नमूद करावे लागते. काचपात्रातील पेशींवर एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा परिणाम दिसणे ही संशोधनाची पहिली पायरी होय. मुखावाटे घेतलेले रसायन जाठराग्नी व धात्वग्नीच्या संस्कारांतून जाते. त्याचा गुण त्या एका निरीक्षणावरून सिद्ध होत नाही. मधुमेह, पक्षाघात, अंधत्व यांच्या उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निर्बंध आहेत, याचेही स्मरण असावे.

मग रुग्णास काय सांगावे? त्याला चार प्रश्न लिहून द्यावेत. कोणत्या पेशी, कोठून घेऊन, कोणत्या हेतूने देणार? ही मान्य चिकित्सा आहे की चाचणी? चाचणी असल्यास भारतीय नैदानिक चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक कोणता? आणि चाचणी असूनही उपचाराचे पैसे का मागितले जात आहेत? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील तर पैसे भरू नयेत, असे निःसंकोच सांगावे.

असाध्य व्याधीस साध्य म्हणून हात घालणारा वैद्य धन, विद्या व यश गमावतो, असा चरकाचार्यांचा इशारा आहे. मात्र असाध्यतेचे निदान सांगून वैद्याचे काम संपत नाही. याप्य अवस्थेत वेदना कमी करणे, शय्याव्रण टाळणे, निद्रा व अग्नी सांभाळणे आणि शुश्रूषा करणाऱ्या आप्तांना धीर देणे, हे आपल्या हाती निश्चित आहे. स्टेम सेलच्या जाहिरातीचे कात्रण घेऊन आलेल्या पालकाला आपण या कामासाठी पुढेही उपलब्ध आहोत, हे त्याच भेटीत सांगावे.