जुनी जीप घेताय? आधी खाचा मोजा!



जीप म्हटलं की आपल्याला आठवते ती मामलेदारांची, निवडणूक प्रचाराची, नाहीतर सातारा-कोल्हापूरकडच्या वडापची. त्या जीपची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप. इंग्लंडमधले हौशी लोक ती दुरुस्त करून अजूनही चालवतात, विकतात. पण युद्धानंतरची जीपसुद्धा हिरवा रंग लावला की युद्धातली म्हणून खपून जाते. म्हणून पैसे मोजण्याआधी काय पाहावं, ते आम्ही इथे देत आहोत.

१९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यांच्या खुणा अशा:

१. समोरच्या पत्र्याच्या जाळीला ९ खाचा असतात. विलिसच्या नंतरच्या नागरी जीपला ७. (अगदी सुरुवातीच्या विलिसला मात्र पट्ट्यांची जाळी होती.)

२. हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत. ते उलटे फिरवले की इंजिनवर उजेड पडतो.

३. मागची बाजू बंद असते, उघडणारी फळी नसते.

४. रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा विलिसला गोल नळीचा, फोर्डला चौकोनी. बॉडी आजही नवी मिळते, त्यामुळे चासी पाहाच. तिचा नंबर लॉगबुकशी ताडून घ्या.

फ्रान्सची हॉचकिस हुबेहूब अशीच दिसते, पण ती युद्धानंतरची आहे.

आणि आपली महिंद्रा? १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ साली नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी मॉडेलचं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. ती युद्धातली नव्हे, पण आपल्या आठवणीतली जीप बहुधा तीच!

वेम्बलीकरांसाठी एक दिलासा. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ आपल्या भागातही लागू आहे. पण ४० वर्षांहून जुनी गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात नोंदवली, तर यूलेझचा आकार आणि रोड टॅक्स लागत नाही. गाडीत मोठे बदल केलेले नसतील, तर एमओटीही माफ. टॅक्स शून्य असला तरी नोंद मात्र दरवर्षी करावी लागते, हे विसरू नका.

गाडी घ्या किंवा नका घेऊ, घरच्या जुन्या अल्बममध्ये आजोबांचा जीपसोबत फोटो असेल, तर मुलांना जाळीच्या खाचा मोजायला जरूर सांगा.