कर शून्य, शुल्क पाच हजार

पनवेलकरांना शास्ती म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली, पुढे मालमत्ता कराची बिलं आली, थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्क्यांनी शास्ती चढत गेली, आणि मग तिच्यात सूट देणारी अभय योजनाही आली. त्यातून दोन समजुती घट्ट झाल्या: देणं थकलं तरच दंड, आणि थोडं थांबलं की सूट. आयकराच्या विवरणपत्राला या दोन्ही समजुती लागू पडत नाहीत. एक रुपयाही कर निघत नसला तरी तिथे उशिराचे पाच हजार भरावे लागतात.

हे पाच हजार येतात आयकर कायद्याच्या कलम २३४ एफ मधून. एकूण उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर पाच हजार, पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल आणि रिटर्न भरणं बंधनकारकच नसेल तर काही नाही. यात कराचा उल्लेख कुठेही नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून ‘आपल्याला कर नाही, मग रिटर्न कशाला?’ असं घरोघरी ऐकू येतं. पण करमुक्त मर्यादा चार लाखांचीच आहे. तिच्यावर उत्पन्न गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. सवलत नंतर मिळते, आणि तीही विवरणपत्रातच.

उदाहरण घेऊ. खांदा कॉलनीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत असं समजा. वय ६७, वर्षाची पेन्शन ४ लाख २० हजार, एका बँकेतल्या मुदत ठेवींचं व्याज ३ लाख ८० हजार. पेन्शनवर ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळून एकूण उत्पन्न उरतं ७ लाख २५ हजार. कर शून्य. पण ज्येष्ठांच्या बाबतीत व्याज एका लाखावर गेलं की बँक दहा टक्के टीडीएस कापते, म्हणजे ३८ हजार आधीच सरकारकडे गेलेले. ३१ जुलैपर्यंत रिटर्न भरलं तर हे ३८ हजार परत येतात, वर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात भरलं तर पाच हजार शुल्क वळतं होऊन ३३ हजारच हाती येतात, आणि त्यांवरचं व्याजही रिटर्न भरल्याच्या तारखेपासून. डिसेंबरही उलटला तर सगळे ३८ हजार अडकतात. ज्यांचं सरकारला काहीच देणं नव्हतं, त्यांचंच हे नुकसान. (एप्रिलमध्येच बँकेला १५ एच हा फॉर्म दिला असता तर कापाकापीच टळली असती, मात्र त्याने रिटर्न भरण्याची जबाबदारी टळत नाही.)

पगारदार, पेन्शनर आणि व्याजावर जगणारे यांच्यासाठी नेहमीची तारीख ३१ जुलै. ती चुकली तर विलंबित विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. ‘तारीख वाढेलच’ या भरवशावर बसणाऱ्यांनी मागची वर्षं आठवावीत. २०२२, २०२३, २०२४ या तिन्ही वर्षी ३१ जुलै हलली नाही. २०२५ मध्ये फॉर्म बदलले म्हणून ती १५ सप्टेंबरवर गेली, आणि त्या रात्री आणखी एका दिवसाने वाढली. त्याआधी ३१ डिसेंबर २०२४ ची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत लांबली होती, पण त्यामागे मुंबई उच्च न्यायालयातली याचिका होती. आयकर पोर्टलच्या प्रणालीत जुलै २०२४ मध्ये बदल झाला आणि कर शून्य करणारी कलम ८७ ए ची सवलत काही उत्पन्नांवर मागताच येईना, म्हणून चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था न्यायालयात गेली होती. अशी कारणं दरवर्षी उद्भवत नाहीत.

शुल्काखेरीज व्याज असतं, पण ते मात्र कर बाकी असेल तरच. कलम २३४ ए प्रमाणे थकलेल्या करावर दरमहा एक टक्का, आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. वीस हजार कर बाकी असताना ५ डिसेंबरला रिटर्न भरलं, तर ऑगस्टपासून पाच महिने, म्हणजे एक हजार व्याज. इथे एक वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. एखादा कागद मिळत नसेल आणि रिटर्न लांबणार असेल, तरी कर ३१ जुलैच्या आत भरून टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे की मुदतीत भरलेल्या स्वयंनिर्धारण करावर हे व्याज लागत नाही. पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मध्ये जाऊन योग्य निर्धारण वर्ष निवडायचं आणि ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’ या प्रकारात, म्हणजे ३०० या सांकेतिक क्रमांकाखाली, भरायचं. वर्ष चुकलं तर पैसे भलत्याच खात्यात दिसतात, तेव्हा चलन भरण्याआधी ते दोनदा वाचा.

त्याहून चांगलं म्हणजे हाती असलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे रिटर्न वेळेत भरणं. नंतर एखादं व्याज राहून गेल्याचं लक्षात आलं तर ते ३१ डिसेंबरपर्यंत शुल्काशिवाय सुधारता येतं. परिपूर्ण पण उशिराच्या रिटर्नपेक्षा वेळेत भरून सुधारलेलं रिटर्न स्वस्त पडतं, हे माझं स्पष्ट मत.

भरताना सुरुवात फॉर्मपासून नाही, ‘एआयएस’ म्हणजे वार्षिक माहिती विवरणपत्रापासून करा. बँकांनी कळवलेलं व्याज, लाभांश, शेअर-म्युच्युअल फंडांची विक्री, जागेचे व्यवहार असं सगळं तिथे दिसतं. विमानतळामुळे गेल्या काही वर्षांत पनवेल परिसरात जमिनींचे व्यवहार भरपूर झाले. तुम्ही प्लॉट विकला असेल तर नेहमीचा ‘सहज’ हा आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ लागेल. मग फॉर्म १६ आणि २६ एएस जुळवा, परताव्यासाठी बँक खातं पोर्टलवर आधीच पडताळून घ्या, आणि भरा. उशीर झाला असेल तर शुल्क पोर्टल स्वतःच जोडतं.

‘सबमिट’ केलं की काम संपलं असं वाटतं. संपलेलं नसतं. तीस दिवसांत पडताळणी करावी लागते: आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने, नेट बँकिंगने, किंवा सही केलेली आयटीआर-व्ही स्पीड पोस्टाने बेंगळुरूला पाठवून. ही मुदत १ ऑगस्ट २०२२ पूर्वी १२० दिवसांची होती, आणि अनेकांच्या डोक्यात तीच बसली आहे. तीस दिवसांनंतर पडताळणी केलीत तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. म्हणजे ३० जुलैला भरलेलं रिटर्न सप्टेंबरात पडताळलं तर ते उशिराचं ठरतं, शुल्कासकट.

उशिराची आणखी एक किंमत आहे. जुनी करप्रणाली हवी असेल तर ती मुदतीतल्या विवरणपत्रातच निवडता येते. विलंबित रिटर्नमध्ये नवीच प्रणाली, घरभाडे भत्ता आणि ८० सी बाजूला. नव्या दरांमुळे हा फटका आता पुष्कळांना बसत नाही, पण मोठं भाडं आणि मोठी बचत असणाऱ्यांनी हिशेब करावा. पनवेलहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांनी त्यात एवढं ध्यानात ठेवावं की घरभाडे भत्त्यासाठी घर कुठे आहे ते बघतात, कचेरी कुठे ते नाही. म्हणून मुंबईत राहणाऱ्याला पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा, पनवेलकराला ४० टक्क्यांची. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर तोही मुदतीतच दाखवावा लागतो.

डिसेंबर गेल्यावर अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू, उरतं. २०२५ पासून त्याला निर्धारण वर्ष संपल्यावर चार वर्षं मुदत आहे, पण कर आणि व्याजाच्या २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात आणि परतावा त्यातून मागता येत नाही. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांना एकच दार उरतं: कलम ११९ (२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत तो करता येतो, मात्र उशिराचं खरं कारण कागदपत्रांनिशी दाखवावं लागतं. आजारपणाची कागदपत्रं असतील तर अर्ज जरूर करा. ‘तारीख माहीत नव्हती’ एवढंच कारण असेल तर फार आशा धरू नका.

घरातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या मंडळींचं उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच असेल, तर बँकेला १२ बीबीए हा फॉर्म देऊन ते रिटर्नमधूनच सुटू शकतात. त्यांच्या बँकेत एकदा विचारून या.